कल चाचणीत मुलगा-मुलगी भेद कुठे शिरतो आणि टप्प्याटप्प्यानं तो कसा अडवायचा

नववीची वार्षिक परीक्षा संपली की पुण्यातल्या शाळांमध्ये कल चाचण्यांचा हंगाम सुरू होतो. दहावीचा निकाल लागून अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरेपर्यंत तो चालतो. एखाद्या वर्गाचे सगळे अहवाल एका टेबलावर पसरून पाहिले, तर बऱ्याचदा एकच चित्र दिसतं. मुलींच्या कागदावर शिक्षण, समुपदेशन, एचआर, फॅशन डिझाइन. मुलग्यांच्या कागदावर मेकॅनिकल, कॉम्प्युटर, स्वतःचा व्यवसाय. यावर शाळेचं उत्तर ठरलेलं असतं: "सगळ्यांना एकच पेपर दिला, एकच वेळ दिली, मग भेदभाव कुठून आला?"

पेपर एकच असला म्हणजे चाचणी न्याय्य झाली असं होत नाही. भेद तीन ठिकाणी शिरतो: प्रश्नांच्या भाषेत, गुणांच्या तक्त्यात आणि अहवाल समजावून सांगणाऱ्याच्या तोंडी. पहिली दोन ठिकाणं मूल वर्गात येऊन बसण्याआधीच ठरलेली असतात. म्हणून पुढच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. हा लेख मुख्यतः शाळेतले समुपदेशक, वर्गशिक्षक आणि लहान मार्गदर्शन केंद्रं चालवणारे यांच्यासाठी आहे. पालकांनी निदान सहावा आणि आठवा टप्पा वाचावा.

## टप्पा १: चाचणी कशासाठी, हे कागदावर लिहा

कल चाचणी मुलाला काय आवडतं ते विचारते, अभियोग्यता चाचणी त्याला काय जमतं ते मोजते. एकाच दिवशी दोन्ही घेतल्या आणि एकाच पानावर छापल्या की पालक त्या एकच समजतात. मग "यंत्रांची आवड कमी" याचा अर्थ घरी "इंजिनिअरिंग जमणार नाही" असा लावला जातो, आणि त्याचा फटका बहुतेक वेळा मुलींना बसतो.

एका वाक्यात लिहा: या चाचणीनं आपण मुलांसमोर नवे पर्याय मांडणार आहोत, की असलेल्या पर्यायांतून एक निवडायला मदत करणार आहोत? नववी-दहावीत पहिलाच हेतू शोभतो. आवडी बऱ्याच अंशी स्थिरावतात त्या अठरा ते एकवीसच्या सुमारास. पंधराव्या वर्षीचा कागद म्हणजे त्या वयातला एक फोटो, त्यावरून शाखेवर शिक्का मारायचा नसतो.

## टप्पा २: चाचणी विकत घेण्याआधी मॅन्युअल, म्हणजे चाचणीची माहितीपुस्तिका, मागा

फक्त प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका देऊन "बाकी सॉफ्टवेअर बघून घेतं" असं विक्रेता म्हणाला, तर तिथेच थांबा. मॅन्युअलमध्ये या गोष्टी सापडल्या पाहिजेत:

- प्रमाणकं किंवा नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून गुणांचा अर्थ लावतात ते आकडे, कोणत्या वर्षी आणि कोणत्या मुलांवर काढली. शहरी की ग्रामीण, मराठी माध्यम की इंग्रजी.
- त्यात मुली किती आणि मुलगे किती होते.
- नॉर्म्सचे तक्ते मुलामुलींचे एकत्रित आहेत, वेगवेगळे आहेत, की दोन्ही आहेत.
- आवड आणि अनुभव यांचा संबंध कसा लावायचा याबद्दल काही मार्गदर्शन आहे का.

मुलींसाठी वेगळी आणि मुलग्यांसाठी वेगळी प्रश्नपत्रिका असेल, तर ती चाचणी बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या स्ट्राँग या मानसशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध कल चाचणीचा पुरुषांचा फॉर्म १९२७ मध्ये आला आणि स्त्रियांचा १९३३ मध्ये. दोन्ही एकत्र व्हायला १९७४ उजाडलं. त्यानंतरही कुणी दोन फॉर्म हातात देत असेल, तर त्याचं साहित्य किती जुनं आहे याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

इशारा: झेरॉक्सवर फिरणाऱ्या जुन्या चाचण्यांना बहुधा नॉर्म्सचं पानच जोडलेलं नसतं. अशा चाचणीत पास-नापास लावल्यासारखे "१५ च्या वर म्हणजे आवड जास्त" असे आकडे कुणीतरी मनानं ठरवलेले असतात. त्यावरून कुणालाही सल्ला देऊ नका.

## टप्पा ३: प्रश्न एकेक करून चाळा

हे काम कंटाळवाणं आहे, पण एका दुपारी उरकतं. दोघांनी बसून करा, शक्यतो एक बाई आणि एक सर. तीन गोष्टी पाहा.

व्याकरण. मराठीत हा मुद्दा इंग्रजीपेक्षा जास्त नडतो, कारण आपलं क्रियापदच लिंग सांगतं. "मी बिघडलेला पंखा उघडून बघतो" हे वाक्य मुलीनं वाचलं, की पहिल्या क्षणीच ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. "मी लहान मुलांना गोष्टी सांगते" हे मुलग्याच्या बाबतीत तसंच. कंसात "बघतो/बघते" लिहून भागतं, पण पन्नास प्रश्नांत ते डोळ्यांना खुपतं. त्यापेक्षा सरळ "बिघडलेला पंखा उघडून बघायला मला आवडेल" असं लिहावं. या रचनेत लिंग येतच नाही.

व्यवसायांची नावं. परिचारिका, सुतार, शिक्षिका, हवाईसुंदरी, पोलीसवाला. नाव ऐकताच डोळ्यासमोर बाई किंवा पुरुष उभा राहत असेल, तर उत्तर त्या कामाबद्दल न येता त्या माणसाबद्दल येतं. नावाऐवजी कामाचं वर्णन असलेले प्रश्न बरे: "रुग्णाची औषधं, ताप, रक्तदाब यांची वेळच्या वेळी नोंद ठेवणं."

कामाची पार्श्वभूमी. तांत्रिक आवडीचे दहाच्या दहा प्रश्न मोटरसायकल, कार्ब्युरेटर आणि क्रिकेटच्या बॅटभोवती फिरत असतील, तर तुम्ही यंत्रांची आवड न मोजता मुलग्यांचं बालपण मोजताय. हीच आवड शिलाई मशीनचा ताण जुळवणं, मिक्सरचं भांडं का गळतं ते शोधणं, मापं घेऊन कापडाचा नमुना कापणं यांतही दिसते. सामाजिक आवडीचे सगळे प्रश्न लहान मुलं आणि आजारी माणसं यांच्याभोवती असतील, तर तिथे मुलगे हरवतात. गणेश मंडळातल्या नव्या कार्यकर्त्यांना काम शिकवणं, संघातल्या खेळाडूंचं भांडण मिटवणं हीही तीच आवड आहे.

इशारा: प्रमाणित चाचणीचे प्रश्न परस्पर बदलायचे नाहीत. प्रश्न बदलला की नॉर्म्स त्याला लागू राहत नाहीत, शिवाय हक्कांचा प्रश्न येतो. खटकणाऱ्या प्रश्नांचे क्रमांक लिहून ठेवा, प्रकाशकाला कळवा, आणि मुलाखतीत त्याच प्रश्नांबद्दल मुलांशी बोला. खटकणारे प्रश्न फारच निघाले तर दुसरी चाचणी घ्या. भाषा दुरुस्त करण्याची मुभा फक्त शाळेनं स्वतः बनवलेल्या प्रश्नावलीत आहे.

पडताळणी, स्वतःच्या प्रश्नावलीसाठी: आधी दोन-तीन वर्गांत चालवून पाहा. एखाद्या प्रश्नाला मुली कमी आणि मुलगे जास्त "हो" म्हणाले, एवढ्यावरून तो प्रश्न वाईट ठरत नाही. त्या क्षेत्रात एकूण गुण जवळपास सारखे असलेले मुलगे आणि मुली वेगळे काढा, मग त्या एका प्रश्नाची उत्तरं पाहा. एकूण आवड सारखी असूनही त्याच प्रश्नावर दोघांत मोठी दरी दिसली, तर तो प्रश्न आवडीबरोबर आणखी काहीतरी मोजतोय. तो काढा.

## टप्पा ४: चाचणीआधी मुलांना काहीतरी दाखवा

जे कधी पाहिलंच नाही, त्याबद्दल मूल "आवडत नाही" असं लिहितं. एखाद्या मुलीला लेथ मशीन आवडत नाही की तिनं ते पाहिलंच नाही, यातला फरक चाचणीला कळत नाही. तो फरक कमी करायचं काम आपलं.

पुण्यात हे फारसं अवघड नाही. औंधच्या आयटीआयच्या कार्यशाळेत एक सकाळ, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत एक दुपार, भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्याची परवानगी काढून एक फेरी, एखाद्या मोठ्या रुग्णालयातल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांशी गप्पा. सगळं जमेलच असं नाही, पण एक तांत्रिक आणि एक सेवेचं ठिकाण तरी हवं. मुलग्यांना फक्त कारखाना आणि मुलींना फक्त रुग्णालय अशी वाटणी करू नका. हसू नका, "सोयीसाठी" म्हणून हे सर्रास होतं.

पाहुणे बोलवताना एक चूक हमखास होते. एखादी असामान्य कर्तृत्वाची बाई बोलावतात, ती आपला संघर्ष सांगते, टाळ्या पडतात, आणि मुली मनात म्हणतात, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. त्यापेक्षा डिप्लोमा करून तीन-चार वर्षं कंपनीत लागलेली, रोज पीएमपीच्या बसनं जाणारी ताई जास्त उपयोगी पडते. तसाच वॉर्डात काम करणारा एक पुरुष नर्सही बोलवा. मुलग्यांनी तो पाहिलेला नसतो.

## टप्पा ५: चाचणीचा दिवस

इथे काम थोडं आहे, पण ते नेमकं करा.

सूचना कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक तुकडीत तीच वाचा. त्यात हे वाक्य हवंच: "पगार, मार्क, घरचे काय म्हणतील, हे मुलींचं काम की मुलग्यांचं, हे सगळं आत्ता बाजूला ठेवा. फक्त करायला आवडेल का, एवढंच सांगा."

मुलांना बाकांवर शांत बसवा. शेजारच्याच्या उत्तरांकडे पाहून "हा बघ, स्वयंपाक लिहितोय" असं कुणी म्हणालं, की त्या रांगेतल्या सगळ्या मुलग्यांची पुढची उत्तरं बदलतात. पालकांना खोलीत बसू देऊ नका. पर्यवेक्षकानं फिरताना कुणाच्या उत्तरावर मान हलवायची नाही, हसायचंही नाही.

मुलांना एक जास्तीची खूण शिकवा: जे काम कधी केलं किंवा पाहिलंच नाही, त्या प्रश्नापुढे पेन्सिलीनं छोटा गोल. उत्तर द्यायचंच, गोल फक्त आपल्या माहितीसाठी. सातव्या टप्प्यात हे गोल कामाला येतात.

लिंगाचा रकाना शेवटच्या पानावर घ्या. संगणकावरच्या चाचणीत तो बहुधा पहिल्याच पडद्यावर येतो, कारण सॉफ्टवेअर त्यावरून तक्ता निवडतं. अशा वेळी ते नेमका कोणता तक्ता निवडतं हे आधीच विचारून ठेवा. ज्याला किंवा जिला हा रकाना भरायचा नसेल, त्यांना एकत्रित तक्ता लावा.

## टप्पा ६: गुण काढणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा.

एकाच उत्तरपत्रिकेतून तीन प्रकारचे आकडे निघू शकतात. कच्चे गुण म्हणजे किती प्रश्नांना "आवडेल" म्हटलं. एकत्रित पर्सेंटाइल म्हणजे सगळ्या मुलामुलींमध्ये त्या मुलाची किंवा मुलीची जागा, शंभरांतले किती जण मागे आहेत ते. स्वतंत्र पर्सेंटाइल म्हणजे फक्त मुलींमध्ये, किंवा फक्त मुलग्यांमध्ये.

समजा, एका मुलीला तांत्रिक आवडीत २० पैकी १२ गुण आहेत. एकत्रित तक्त्यात ती ५५ पर्सेंटाइलवर येते, मुलींच्या तक्त्यात ८० वर, मुलग्यांच्या तक्त्यात ३० वर. उत्तरं तीच, मुलगी तीच. पहिला आकडा पाहून समुपदेशक म्हणतो "मध्यम", दुसरा पाहून म्हणतो "इंजिनिअरिंगचा नक्की विचार करा". मुलग्याचं उलट. सामाजिक आवडीत ११ गुण मिळवणारा मुलगा एकत्रित तक्त्यात ४८ वर असेल आणि मुलग्यांच्या तक्त्यात ६६ वर.

असं होतं, कारण सरासरीतच मोठा फरक आहे. सू, राउंड्स आणि आर्मस्ट्राँग या संशोधकांनी २००९ मध्ये ४७ चाचण्यांमधली पाच लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. हाताच्या आणि यंत्रांच्या कामांच्या आवडीत सरासरी पुरुष जवळपास ८० टक्के स्त्रियांच्या पुढे होता. माणसांशी संबंधित कामांत सरासरी स्त्री सुमारे ७५ टक्के पुरुषांच्या पुढे. गणिती-वैज्ञानिक आवडीतली दरी मात्र बरीच लहान निघाली. ही माहिती प्रामुख्यानं अमेरिकेतली आहे, आकडे जसेच्या तसे आपल्या वर्गाला लावू नयेत. पण कच्चे गुण जसेच्या तसे वापरले तर मुलींच्या वरच्या तीन क्षेत्रांत तांत्रिक क्षेत्र क्वचितच का दिसतं, हे त्यावरून कळतं.

मग बरोबर तक्ता कोणता? यावर तज्ज्ञांत जुना वाद आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची बाजू अशी, की कच्चे गुण माणसाची खरी आजची आवड सांगतात आणि तो पुढे काय निवडेल याचा अंदाज त्यावरून येतो. दुसरी बाजू म्हणते, की मुलींना संधीच कमी मिळाली असेल, तर आजची आवड हा त्या कमी संधीचाच आरसा आहे. म्हणून तुलना सारख्या परिस्थितीत वाढलेल्यांशी करावी. एसीटी या अमेरिकी संस्थेनं तिसरी वाट धरली: ज्यांत मुलामुलींची उत्तरं जवळपास सारखी येतात असेच प्रश्न निवडायचे, म्हणजे वेगळे तक्ते लागतच नाहीत.

माझं मत असं. पहिल्या टप्प्यातला हेतू नवे पर्याय दाखवण्याचा असेल, तर स्वतंत्र तक्ता आधी वाचा, कारण तो दडलेली आवड वर आणतो. पण तो एकटा कधीच देऊ नका. शेजारी कच्चे गुण आणि एकत्रित पर्सेंटाइल हवेतच. मुलींमध्ये ८० वर असलेल्या मुलीला वर्गात आपल्यापेक्षा यंत्रांत जास्त रमणारी बरीच मुलं भेटणार आहेत. ते तिला आधी कळलेलं बरं, आणि त्यानं काही बिघडत नाही हेही.

इशारे:

- तक्ता गुण पाहण्याआधी ठरवा. गुण पाहून "हिला एकत्रितच लावूया" असं केलं, की तो तुमचा पूर्वग्रह आहे.
- मुलीचे गुण मुलग्यांच्या तक्त्यात पाहू नका. सॉफ्टवेअरमध्ये रकाना चुकला की नेमकं हेच होतं.
- "यंत्र की माणसं, एकच निवडा" अशा जोड्यांच्या चाचणीत एक आवड वाढली की दुसरी आपोआप घटते. अशा गुणांवरून दोन मुलांची तुलना करू नका.

पडताळणी: पाच उत्तरपत्रिका काढा, त्यांचे गुण हातानं मोजा, मॅन्युअलमधला तक्ता हातानं लावा. सॉफ्टवेअरशी जुळले नाहीत, तर अहवाल थांबवा.

## टप्पा ७: अहवाल लिहिणं

प्रत्येक क्षेत्रापुढे तीन रकाने ठेवा: कच्चे गुण, स्वतंत्र पर्सेंटाइल, एकत्रित पर्सेंटाइल. त्याखाली पेन्सिलीच्या गोलांची संख्या. एखाद्या क्षेत्रात गुण कमी आणि गोल जास्त असतील, तर तिथे "आवड कमी" लिहू नका, "अजून करून पाहिलेलं नाही" असं लिहा.

व्यवसायांची यादी मुलगा-मुलगी दोघांना एकच द्या, आणि ती जुनी आहे का ते तपासा. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये बाहेरही पडली. त्याआधी छापलेल्या यादीत गणवेशाच्या क्षेत्रापुढे मुलींसाठी दोन-तीनच पर्याय असतील. राज्यानं २०१६ पासून घेतलेल्या दहावीच्या कल चाचणीत गणवेशधारी सेवा हे स्वतंत्र क्षेत्र होतं, त्यामुळे पालकांना ते नाव ओळखीचं असतं. यादीच अपुरी असली तर प्रश्न तुम्हालाच विचारतात.

पायरीचा भेद क्षेत्राच्या भेदापेक्षा लवकर लपतो. आरोग्य क्षेत्रात दोघांचेही गुण चांगले, पण मुलग्याच्या अहवालात एमबीबीएस आणि मुलीच्या अहवालात नर्सिंग, फिजिओथेरपी. वाणिज्यात मुलगा सीए, मुलगी बँकेत क्लार्क. मार्क, फी आणि अभियोग्यता यांवरून पायरी ठरवायला हरकत नाही, पण नियम दोघांना एकच लावा.

हे शब्द अहवालात दिसले की खोडा: "मुलींसाठी सुरक्षित", "घर सांभाळून करता येईल", "पुरुषी क्षेत्र", "मुलगा असूनही संवेदनशील".

## टप्पा ८: पालकांबरोबर बसणं

मूल समोर हवं आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारा: "हा कागद वाचून तुला काय वाटलं? कुठे पटलं नाही?" पालक आधी बोलले की मूल गप्प होतं.

आई म्हणेल, "मॅडम, आवड आहे ते ठीक, पण चाकणला रोज एकटीला कसं पाठवायचं?" ही काळजी खोटी नाही, तिला उडवून लावू नका. पण तिची जागा वेगळी आहे. कागदाच्या मागच्या बाजूला "अडचणी" असा रकाना करा आणि तिथे लिहा: प्रवास, वसतिगृह, फी, शिफ्ट. प्रत्येक अडचणीपुढे एक उपाय शोधा. कर्वेनगरचं कमिन्स हे मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, काही घरांना त्यानंच धीर येतो. अडचण आवडीच्या रकान्यात शिरली, की ती आवड कमी असल्यासारखी वाचली जाते.

वडील म्हणतील, "पोरगा नर्स होणार? लोक काय म्हणतील?" इथे वाद घालू नका. कामाचे तास, शिक्षणाचा खर्च, नोकरीच्या जागा यांची माहिती समोर ठेवा आणि चौथ्या टप्प्यात आलेल्या पुरुष नर्सशी गाठ घालून द्या.

इशारा: मुलीला लग्नाबद्दल किंवा "पुढे नोकरी करणार ना?" असं विचारताय? हाच प्रश्न मुलग्याला विचारला का? नसेल, तर तिलाही विचारू नका.

## टप्पा ९: वर्षअखेरचा ताळा

सगळ्या अहवालांचा एक तक्ता करा: क्षेत्र, गुणांचा गट, मुलींना काय सुचवलं, मुलग्यांना काय सुचवलं. तांत्रिक आवडीत गुण सारखे असूनही मुलींना "आर्किटेक्चर किंवा डिझाइन" आणि मुलग्यांना "मेकॅनिकल" असं वारंवार दिसलं, तर गडबड चाचणीत नसून सातव्या टप्प्यात आहे.

खात्री करायची असेल, तर वीसेक अहवालांवरची नावं आणि लिंग झाकून ते दुसऱ्या समुपदेशकाला द्या आणि पुन्हा सल्ला लिहायला सांगा. नंतर दोन्ही शेजारी ठेवून जुळतात का पाहा. एखाद्या गटात दहापेक्षा कमी मुलं असतील तर टक्केवारी काढत बसू नका, प्रत्येक अहवाल एकेक करून वाचा. उत्तरपत्रिका पालकांच्या लेखी संमतीनं बारावीपर्यंत जपून ठेवा. तेव्हा तीच चाचणी पुन्हा घेतली तर पेन्सिलीचे किती गोल पुसले गेले ते मोजता येतं.